लीव्ह, हॉलिडे, व्हेकेशन की ऑफ? कामावर नसल्याचं इंग्रजी बिनचूक कसं लिहावं

मराठीत ‘उद्या मला सुट्टी आहे’ एवढं म्हटलं की भागतं. ऑफिसच बंद आहे, रजा टाकली आहे, की आठवड्याचा ठरलेला वार आहे, हे समोरचा संदर्भाने ओळखतो. तेच वाक्य उचलून ‘आय हॅव अ हॉलिडे टुमारो’ असं परदेशातल्या सहकाऱ्याला कळवलं की गडबड होते. अमेरिकेतला माणूस समजतो, उद्या भारतात सार्वजनिक सुट्टी आहे आणि तुमच्या टीममधल्या कुणालाच फोन लावण्यात अर्थ नाही. प्रत्यक्षात तुमच्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस कामावर असतो आणि त्याच्याकडे कुणी काही विचारतच नाही.

गंमत म्हणजे हा फरक ओळखण्याचं साधन मराठीकडे आधीपासून आहे. बोलताना आपण सगळ्यालाच सुट्टी म्हणतो, पण लिहिताना रजा वेगळी आणि सुट्टी वेगळी. रजा मागावी लागते. ती मंजूर होते, नामंजूर होते, शिल्लक राहते, खर्ची पडते. सुट्टी मागत नाहीत, ती जाहीर होते. म्हणून इंग्रजी शब्द निवडण्याआधी मनातलं वाक्य मराठीत असं तपासा: त्यात ‘मंजूर’ बसतं का ‘जाहीर’ बसतं? ‘मंजूर’ बसलं तर लीव्ह, ‘जाहीर’ बसलं तर हॉलिडे. दोन्ही बसत नसेल, नुसतं ‘मी त्या दिवशी कामावर नाही’ एवढंच सांगायचं असेल, तर ऑफ. नव्वद टक्के वेळा एवढ्यावर काम होतं. उरलेल्या घोळाचं कारण बहुतेक वेळा देश बदलणं हे असतं.

एक उदाहरण घेऊ. २०२६ साली १ मे, महाराष्ट्र दिन, शुक्रवारी येतो. शनिवार-रविवार बंद असलेल्या कंपनीत कुणी ४ ते ८ मे, म्हणजे सोमवार ते शुक्रवार, रजा टाकली, तर तो १ ते १० मे असे सलग १० दिवस कामावर नसेल. हे १० दिवस इंग्रजीत ‘टेन डेज ऑफ’. त्यातला एक दिवस हॉलिडे, चार दिवस वीकेंडचे, आणि लीव्ह फक्त ‘फाइव्ह डेज’. ‘आय ॲम टेकिंग टेन डेज लीव्ह’ असं लिहिलं तर रजेच्या खात्यातून विनाकारण १० दिवस मागितल्यासारखं होतं, आणि मॅनेजरही दचकतो.

लीव्ह: मोजायची नाही, मोजायचे ते दिवस

लीव्ह या शब्दाचा जुना अर्थ परवानगी. आपली रजासुद्धा अरबीतून फारसीमार्गे आली ती संमती या अर्थानेच. परवानगीचं अनेकवचन करायचं नसतं एवढं लक्षात ठेवलं की भारतातली सर्वांत नेहमीची चूक टळते. ‘आय हॅव सिक्स लीव्ह्ज लेफ्ट’ हे आपल्याकडे सर्रास चालतं, एचआरच्या सॉफ्टवेअरमध्येही छापलेलं असतं. पण इतर देशांत लीव्ह्ज म्हणजे झाडाची पानं. बरोबर रूप: ‘आय हॅव सिक्स डेज ऑफ लीव्ह लेफ्ट’. तसंच ‘आय वाँट अ लीव्ह’ नको, ‘आय नीड टू टेक सम लीव्ह’ किंवा थेट ‘आय नीड अ डे ऑफ’. अमेरिकेत ‘अ लीव्ह’ ऐकू येतं, पण तिथे ते ‘अ लीव्ह ऑफ ॲब्सेन्स’चं लघुरूप असतं, म्हणजे काही आठवड्यांची किंवा महिन्यांची मोठी रजा. एका दिवसासाठी ते वापरलं तर ऐकणारा काळजीत पडतो.

सोबतची क्रियापदं ठरलेली आहेत. रजा मागायची तर ‘अप्लाय फॉर’ किंवा ‘रिक्वेस्ट’, मंजूर करायची तर ‘अप्रूव्ह’ (‘ग्रँट’ही चालतं, जरा औपचारिक), घ्यायची तर ‘टेक’, रजेवर असणं ‘बी ऑन लीव्ह’. पुढच्या वर्षात नेणं ‘कॅरी ओव्हर’ किंवा ‘कॅरी फॉरवर्ड’. रजा साठत जाते ती ‘अक्रू’ होते. ‘अव्हेल लीव्ह’ आणि ‘सँक्शन’ हे आपल्या सरकारी टिपणांतले शब्द, देशात खपतात. बाहेर ‘सँक्शन’ ऐकून लोकांना आर्थिक निर्बंध आठवतात, तेव्हा तिथे टाळा. आणखी एक सापळा: ‘आय टुक माय लीव्ह’ म्हणजे मी निरोप घेतला. रजा घेतली म्हणायचं तर ‘माय’ काढा आणि दिवस घाला: ‘आय टुक टू डेज लीव्ह’.

काळाचाही प्रश्न आहे. मंजुरी मिळण्याआधी ‘आय ॲम ऑन लीव्ह फ्रॉम मंडे’ लिहिलं की निर्णय तुम्हीच घेऊन मोकळे झालात असा सूर लागतो. आधी ‘आय वुड लाइक टू टेक’, मंजुरीनंतर ‘आय विल बी ऑन लीव्ह’.

रजांची लघुरूपं फक्त इथलीच

सीएल, ईएल, पीएल, एसएल ही अक्षरं भारतात प्रत्येक नोकरदाराला पाठ असतात. बाहेरच्या माणसाला ती सांगून उपयोग नाही, पण ती काय आहेत हे स्वतःला नेमकं माहीत असेल तर भाषांतर करता येतं.

सीएल म्हणजे कॅज्युअल लीव्ह, सरकारी मराठीत नैमित्तिक रजा. अचानक उद्भवलेल्या कामासाठी, एकदोन दिवसांची. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, २०१७ च्या, वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आहे. ती दर तिमाहीला खात्यात जमा होते आणि वर्षअखेर वापरली नाही तर बुडते. याच कायद्यात २४० दिवस काम भरलेल्याला दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. ही अर्जित रजा म्हणजे ईएल, अर्न्ड लीव्ह. बँका आणि अनेक खासगी कंपन्या तिलाच पीएल, प्रिव्हिलेज लीव्ह, म्हणतात. बाहेरच्या जगात ईएल-पीएलसाठी एकच शब्द पुरतो: ‘ॲन्युअल लीव्ह’. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आखाती देश, सगळीकडे तो कळतो. कॅज्युअल लीव्हला मात्र तिथे चपखल जोड नाही. अमेरिकेत ‘पर्सनल डे’ जवळ जातो; बाकी ठिकाणी ‘अ डे ऑफ’ म्हणून मोकळं व्हावं. ‘कॅज्युअल’ ऐकून परदेशी सहकाऱ्याला वाटतं की माणूस सहज मनात आलं म्हणून घरी बसला.

सरकारी नोकरीतल्या रजांची यादी मोठी आहे: अर्धवेतनी, परिवर्तित, अनर्जित, असाधारण. त्यांची इंग्रजी नावं अनुक्रमे हाफ पे लीव्ह, कम्युटेड लीव्ह, लीव्ह नॉट ड्यू आणि एक्स्ट्राऑर्डिनरी लीव्ह. शेवटची फसवी आहे. तिच्यात असामान्य असं काही नसतं, ती बिनपगारी रजा असते. खासगी कंपनीच्या फॉर्मवर जुन्या सरकारी नोकरीतल्या अशा रजेचा उल्लेख करायचा असेल तर ‘अनपेड लीव्ह’ लिहा. परिवर्तित रजेत दुसराच हिशेब असतो: पूर्ण पगाराच्या एका दिवसासाठी अर्धवेतनी खात्यातून दोन दिवस वजा होतात. हे भाषांतरात आलं नाही तर शिल्लक रजेचे आकडे जुळत नाहीत.

दिवस मोजताना ‘वर्किंग डेज’ आणि ‘कॅलेंडर डेज’ यांतला फरक पगाराइतकाच महत्त्वाचा. संयुक्त अरब अमिरातीत वर्षभर नोकरी झाल्यावर ३० दिवसांची वार्षिक रजा मिळते, पण ते कॅलेंडर दिवस आहेत. मधले सुट्टीचे वार त्यातच धरले जातात. पुण्यातल्या कंपनीतले २२ कामाचे दिवस आणि दुबईतले ३० कॅलेंडर दिवस जवळपास सारखेच भरतात. करारपत्रात नुसतं ‘थर्टी डेज’ दिसलं तर सही करण्याआधी विचारून घ्यावं.

आपल्याकडच्या ‘सँडविच रूल’चं मूळ यातच आहे. शुक्रवारी आणि सोमवारी रजा घेतली तर मधले शनिवार-रविवारही रजेत धरायचे, असा काही कंपन्यांचा नियम असतो. परदेशी मॅनेजरला ‘सँडविच लीव्ह’ हा शब्द कळणार नाही. त्याला असं सांगा: ‘द वीकेंड इन बिट्वीन ऑल्सो काउंट्स ॲज लीव्ह’.

हॉलिडे: अटलांटिक ओलांडला की अर्थ बदलतो

हॉलिडेचं मूळ ‘होली डे’, पवित्र दिवस. भारतात आणि अमेरिकेत त्याचा मुख्य अर्थ अजून तोच राहिला आहे: दिनदर्शिकेवर लाल अक्षरात छापलेला दिवस. ब्रिटनमध्ये मात्र हॉलिडे म्हणजे तुमची स्वतःची रजा आणि त्या रजेत केलेली सहलसुद्धा. ‘शी इज ऑन हॉलिडे’ म्हणजे ती फिरायला गेली आहे किंवा निदान रजेवर आहे. इथे ‘ऑन हॉलिडे’ एकवचनी, ‘ऑन हॉलिडेज’ नाही. एचआरचा ब्रिटिश मेल ‘हॉलिडे अलाउन्स’ किंवा ‘हॉलिडे एन्टायटलमेंट’ म्हणतो तेव्हा तो तुमच्या वार्षिक रजेबद्दल बोलत असतो. सणांच्या यादीबद्दल नव्हे.

मग ब्रिटनमध्ये सार्वजनिक सुट्टीला काय म्हणतात? ‘बँक हॉलिडे’. हा शब्द १८७१ च्या कायद्यातून आला आणि त्या दिवशी फक्त बँकाच बंद असतात असं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये वर्षाला असे साधारण ८ दिवस असतात. आपल्याकडे बँक हॉलिडे म्हणजे अक्षरशः बँकेची सुट्टी. १ एप्रिलला हिशेब बंद करण्यासाठी बँका ग्राहकांना बंद असतात, शाळा-कार्यालयं चालू. सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवारही बँकांचाच. म्हणून मुंबईहून लंडनला कळवताना ‘बँक हॉलिडे’ लिहू नका, ‘पब्लिक हॉलिडे’ लिहा. तो शब्द सगळीकडे एकाच अर्थाने चालतो.

ब्रिटनमधली नोकरी घेताना करारातली एक ओळ भिंग लावून वाचावी. कायद्याने ५.६ आठवडे सपगारी रजा मिळते, आठवड्यातून पाच दिवस काम करणाऱ्याला २८ दिवस. पण मालक त्यात बँक हॉलिडे धरू शकतो. ‘ट्वेंटीएट डेज इन्क्लूडिंग बँक हॉलिडेज’ म्हणजे हातात उरले २०. ‘ट्वेंटीफाइव्ह डेज प्लस बँक हॉलिडेज’ म्हणजे ३३. पहिला आकडा मोठा दिसतो म्हणून फसू नये.

अमेरिकेत ‘द हॉलिडेज’ असं ‘द’ लावून अनेकवचनात म्हटलं की तो नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंतचा काळ. ‘लेट्स डिस्कस आफ्टर द हॉलिडेज’ हे डिसेंबरमध्ये आलेलं वाक्य म्हणजे जानेवारी उजाडल्यावर बोलू. तिथे ११ फेडरल हॉलिडे आहेत (२०२१ मध्ये जूनटीन्थची, म्हणजे गुलामगिरीच्या अंताची आठवण ठेवणाऱ्या १९ जूनची, भर पडली), पण खासगी कंपनीवर ते देण्याची सक्ती नाही. म्हणून अमेरिकी ग्राहकाला ‘इज मंडे अ हॉलिडे फॉर यू?’ असं विचारणं अगदी योग्य असतं.

भारतातले तीन शब्द बाहेर समजावून सांगावे लागतात. ‘गॅझेटेड हॉलिडे’ म्हणजे राजपत्रात जाहीर झालेली सुट्टी. राज्य शासन दरवर्षी १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली ती यादी काढतं. चेक-हुंड्यांच्या कायद्याचा सणांशी काय संबंध, असं वाटेल, पण सार्वजनिक सुट्टीची व्याख्या त्याच कायद्यात आहे. ‘रिस्ट्रिक्टेड हॉलिडे’ नावाप्रमाणे बंधन घालत नाही, उलट निवड देते: केंद्र सरकारचा कर्मचारी दिलेल्या यादीतून वर्षाला दोन निवडतो. खासगी कंपन्यांत हीच ‘ऑप्शनल हॉलिडे’, अमेरिकेत ‘फ्लोटिंग हॉलिडे’. ‘रिस्ट्रिक्टेड’ हा शब्द परदेशी मेलमध्ये घालूच नका.

व्हेकेशन आणि कोर्ट

अमेरिकेत व्हेकेशन म्हणजे ब्रिटिश हॉलिडे, झालं. ‘ऑन व्हेकेशन’, ‘व्हेकेशन डेज’. हल्ली बऱ्याच अमेरिकी कंपन्या आजारपणाची आणि फिरण्याची रजा एकाच डब्यात घालून ‘पीटीओ’, पेड टाइम ऑफ, देतात. त्यात तोटा असा की फ्लूने चार दिवस खाल्ले तर डिसेंबरच्या भारतवारीतून तेवढे कमी झाले. नोकरी घेताना ‘इज सिक टाइम सेपरेट फ्रॉम पीटीओ?’ हे विचाराच.

ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत, म्हणजे आपल्याकडेही, व्हेकेशन ही संस्थेची असते, माणसाची नव्हे. शाळा, विद्यापीठ, न्यायालय ठरावीक काळ बंद राहतं तो काळ. मुंबई उच्च न्यायालयाची उन्हाळी, दिवाळी आणि नाताळची व्हेकेशन असते आणि तातडीची प्रकरणं व्हेकेशन बेंचपुढे जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये नियम बदलून उन्हाळी सुट्टीला ‘पार्शल कोर्ट वर्किंग डेज’ असं नाव दिलं. त्यामुळे ताज्या आदेशांत आणि कॅलेंडरमध्ये जुना शब्द शोधत बसू नये. कारकुनाने ‘आय ॲम ऑन व्हेकेशन’ लिहिणं भारतात चुकीचं नाही, पण शिक्षकाने लिहिलं तर ते शाळा बंद असल्याचं विधान होतं आणि कारकुनाने लिहिलं तर सहलीचं.

ऑफ: सगळ्यांत छोटा, सगळ्यांत उपयोगी

कुठला शब्द बरोबर याची खात्री नसेल तेव्हा ‘ऑफ’ वापरावा. रजा असो, सुट्टी असो, आठवड्याचा वार असो, ‘आय ॲम ऑफ टुमारो’ खरंच असतं. सगळ्यांत सुटसुटीत वाक्य आहे ‘आय ॲम टेकिंग फ्रायडे ऑफ’. यात नामाची गरजच नाही.

शब्दांची जागा मात्र सांभाळा. ‘डे ऑफ’ म्हणजे सुट्टीचा दिवस. ‘ऑफ डे’ म्हणजे ज्या दिवशी काहीच धड जमत नाही असा दिवस. फलंदाज शून्यावर बाद झाला तर त्याचा ‘ऑफ डे’ होता. अनेकवचन ‘डेज ऑफ’, ‘डे ऑफ्स’ कधीच नाही. ‘टुडे इज माय ऑफ’ किंवा ‘आय टुक अन ऑफ’ ही आपली देशी घडण. ‘वीकली ऑफ’ही इथलाच. बाहेर ‘माय डे ऑफ’, पोलीस, रेल्वे आणि खेळाडूंच्या बाबतीत ‘रेस्ट डे’.

आर्टिकलही अर्थ बदलतं. ‘टेक अ डे ऑफ’ म्हणजे कुठलातरी एक दिवस, तुमच्या मर्जीने. ‘वी हॅव द डे ऑफ’ म्हणजे तो विशिष्ट दिवस, सगळ्यांना मिळालेला.

कॉम्प ऑफ हाही भारताबाहेर फारसा कळत नाही. रविवारी बोलावलं आणि बदल्यात मंगळवार दिला, तर ब्रिटनमध्ये तो ‘अ डे ऑफ इन लू’. ‘लू’चं स्पेलिंग फ्रेंच आहे, ते आधी बघून घ्या, नाहीतर त्याच उच्चाराचा स्वच्छतागृहाचा शब्द लिहिला जाईल. महाराष्ट्राच्या दुकाने कायद्यानुसार साप्ताहिक सुट्टी नाकारली तर तिची भरपाई दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते. म्हणून कॉम्प ऑफ मागताना मेलमध्ये कुठल्या तारखेच्या बदल्यात हे लिहा: ‘इन लू ऑफ संडे १० मे’.

अर्ध्या दिवसासाठी ‘अ हाफ डे’ सगळीकडे चालतं. ‘सेकंड हाफमध्ये येतो’ याचं शब्दशः इंग्रजी केलं की फुटबॉलचा सामना वाटतो; ‘आय विल बी इन आफ्टर लंच’ किंवा ‘आय ॲम टेकिंग द मॉर्निंग ऑफ’ म्हणावं.

मधली सुट्टी म्हणजे ब्रेक. ऑफिसात टी ब्रेक, लंच ब्रेक; भारतात आणि अमेरिकेत शाळेची मधली सुट्टी रिसेस, ब्रिटनमध्ये ब्रेक टाइम. संसद अधिवेशनाच्या मध्ये थांबते तीही रिसेस.

आजारपण

‘सिक लीव्ह’, म्हणजे वरची एसएल, हा रजेचा प्रकार, ‘सिक डे’ हा त्यातला एक दिवस, ‘कॉल इन सिक’ ही सकाळी फोन करून कळवण्याची क्रिया. ब्रिटिश माणूस ‘ऑफ सिक’ म्हणतो. पण ब्रिटिश कानाला ‘आय वॉज सिक लास्ट नाइट’ म्हणजे रात्री उलटी झाली, तेव्हा तिथे ‘अनवेल’ किंवा ‘इल’ म्हणावं. ऑस्ट्रेलियात ‘सिकी’ हा शब्द हसत उच्चारतात. त्याचा रोख बहुधा खोट्या आजारपणाकडे असतो, म्हणून स्वतःबद्दल तो लिहू नये.

‘आय ॲम ऑन लीव्ह बिकॉज ऑफ नॉट वेल’ हे वाक्य व्याकरणात बसत नाही. ‘आय ॲम अनवेल अँड वोन्ट बी एबल टू वर्क टुडे’ इतकं पुरे. आजाराचं नाव सांगायची गरज नसते. कागदांची नावंही वेगळी: आपल्याकडे मेडिकल सर्टिफिकेट आणि रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट, अमेरिकेत डॉक्टर्स नोट, ब्रिटनमध्ये पहिले ७ दिवस स्वतःच लिहून द्यायचे आणि त्यापुढे ‘फिट नोट’. नावात फिट असलं तरी तो कागद माणूस कामाला येऊ शकत नाही, किंवा कोणत्या अटीवर येऊ शकतो, हे सांगतो.

लांबच्या अनुपस्थितीचे धोकादायक शब्द

इथे चूक महागात पडते, कारण हे शब्द बायोडेटात आणि पडताळणीच्या कागदांत जातात.

सबॅटिकल म्हणजे नोकरी कायम ठेवून घेतलेली मोठी रजा, बहुधा अभ्यासासाठी. करिअर ब्रेक म्हणजे नोकरी सोडून, किंवा नोकरी नसताना, काढलेला काळ. राजीनामा देऊन वर्षभर घरी असाल आणि बायोडेटात ‘सबॅटिकल’ लिहाल, तर जुन्या कंपनीकडे चौकशी होताच ते खोटं ठरतं. ‘करिअर ब्रेक’ लिहिण्यात काहीच कमीपणा नाही.

फर्लो या शब्दाचे तीन संसार आहेत. ब्रिटनमध्ये मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ या करोनाकाळात काम नसलेल्या कर्मचाऱ्यांना सरकारी मदतीतून पगाराचा काही भाग, बहुतेक काळ ८० टक्के, मिळत होता, ती फर्लो. अमेरिकेत सरकारचा निधी अडकला की कर्मचाऱ्यांना तात्पुरतं बिनकामाचं घरी बसवतात, तीही फर्लो. आणि महाराष्ट्रात फर्लो म्हणजे कैद्याची संचित रजा. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, दोन्ही १९५९ च्या नियमांखाली. गावाकडच्या नातेवाइकांना ‘कंपनीने फर्लो दिली’ असं सांगताना जरा सांभाळून.

ले-ऑफचंही तसंच. भारतीय औद्योगिक कायद्यात ले-ऑफ तात्पुरता असतो: कच्चा माल नाही, वीज नाही, म्हणून काम देता येत नाही, नोकरी शाबूत राहते आणि पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई मिळते. अमेरिकी इंग्रजीत ‘लेड ऑफ’ म्हणजे आता बहुतेक वेळा नोकरी गेली. बातमी वाचताना आधी ती कुठल्या देशाची हे पाहा.

गार्डन लीव्ह: नोटिस पिरियडमध्ये पगार चालू, पण ऑफिसला यायचं नाही आणि नव्या ठिकाणी रुजूही व्हायचं नाही. सस्पेन्शन: चौकशी चालू असताना बाजूला ठेवणं. दोन्हींत माणूस घरीच असतो, पण पहिल्यात आरोप नसतो.

लॉस ऑफ पे, एलओपी, ही आपल्या पगारपत्रकावरची भाषा. बाहेर ‘अनपेड लीव्ह’. मात्र न कळवता गैरहजर राहणं ही रजाच नव्हे. ते ‘अनऑथराइज्ड ॲब्सेन्स’. आपल्या एचआरचा लाडका शब्द ‘ॲबस्काँडिंग’ याचा मूळ अर्थ फरार होणं आहे. तुमच्या रिलीव्हिंगच्या कागदावर तो चुकून आला असेल तर लेखी दुरुस्ती मागा.

मृत्यू आणि लग्न

घरात कुणी गेलं तर ‘बिरीव्हमेंट लीव्ह’ किंवा ‘कम्पॅशनेट लीव्ह’. ‘माय ग्रँडमदर एक्स्पायर्ड’ नको. एक्स्पायर औषधं होतात. ‘पास्ड अवे’ लिहा. ही रजा बहुतेक ठिकाणी मोजक्या दिवसांची असते. ऑस्ट्रेलियात कायद्याने दर प्रसंगी २ दिवस. आपले विधी तेराव्यापर्यंत चालतात हे तिथल्या मॅनेजरला माहीत नसतं. त्यामुळे पहिल्याच मेलमध्ये सांगा: ‘द राइट्स कंटिन्यू अंटिल द थर्टीन्थ डे, सो आय वुड लाइक टू ॲड ॲन्युअल लीव्ह टू द बिरीव्हमेंट लीव्ह’. दोन रजांची नावं वेगवेगळी लिहिल्याने एचआरला नोंद करता येते.

लग्नाला जायचं तर ‘वेडिंग’. ‘मॅरेज’ म्हणजे लग्नानंतरचा संसार. त्यासाठी कुणी चार दिवस देत नाही.

मेल आणि ऑटो रिप्लाय

शाळेत शिकवलेलं ‘अर्जंट पीस ऑफ वर्क ॲट होम’ आता सोडून द्यावं. कारण द्यायचं नसेल तर देऊ नका, वार्षिक रजेला बहुतेक ठिकाणी ते लागत नाही. आधीच्या उदाहरणातली रजा अशी मागता येईल:

विषय: ‘ॲन्युअल लीव्ह रिक्वेस्ट, ४ टू ८ मे’

‘आय वुड लाइक टू टेक फाइव्ह डेज ऑफ ॲन्युअल लीव्ह, फ्रॉम मंडे ४ मे टू फ्रायडे ८ मे इन्क्लुझिव्ह. फ्रायडे १ मे इज अ पब्लिक हॉलिडे इन महाराष्ट्र, सो माय लास्ट डे ॲट वर्क विल बी थर्सडे ३० एप्रिल. आय विल बी बॅक ऑन मंडे ११ मे.’

यात ‘इन्क्लुझिव्ह’ आणि परत येण्याची तारीख दोन्ही मुद्दाम आहेत. ‘टिल ८ मे’ एवढंच लिहिलं तर आठ तारखेला माणूस कामावर आहे की नाही यावर हमखास वाद होतो. अमेरिकी मॅनेजरला ‘मे ४ थ्रू मे ८’ लिहिलं तरी चालतं, ‘थ्रू’मध्ये शेवटचा दिवस धरलेला असतो. तारीख नुसत्या आकड्यांत लिहू नका. ४/५ म्हणजे आपली ४ मे आणि अमेरिकेतली ५ एप्रिल.

ऑटो रिप्लायमध्ये ‘आउट ऑफ स्टेशन’ टाळा; तो फक्त भारतीय उपखंडात कळतो. ‘आउट ऑफ ऑफिस’ म्हणजे ऑफिसात नाही एवढंच, तुम्ही ग्राहकाकडे असू शकता आणि मेल वाचतही असू शकता. रजेवर असाल आणि मेल बघणार नसाल तर तसं स्पष्ट लिहा: ‘आय ॲम ऑन लीव्ह अँड विल नॉट बी चेकिंग ईमेल’. मागे कोण काम पाहणार त्याचं नाव द्या, आणि त्या माणसाला आधी कळवा. त्याचीही रजा त्याच आठवड्यात निघते, हे फार वेळा घडतं. शेवटी, ऑटो रिप्लाय सुरू करताना वेळ ३० एप्रिलच्या संध्याकाळची आणि बंद करताना ११ मेच्या सकाळची ठेवा, ८ मेची नको. नाहीतर शनिवारी-रविवारी मेल पाठवणाऱ्याला काहीच उत्तर जात नाही आणि तो तुम्ही कामावर आहात असं धरून चालतो.